प्लास्टर सुकेपर्यंत

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मराठी मंडळाचा गुणवंत सत्कार दरवर्षी होतो आणि त्यात एक छळ ठरलेला असतो. दहावी-बारावीला बरे मार्क मिळवलेल्या मुलांना नुसता नारळ आणि प्रशस्तिपत्र देऊन सोडत नाहीत. माइकपुढे उभं करून विचारतात, "पुढे काय व्हायचं ठरवलंय?" उत्तर दोन वाक्यांत द्यायचं, मराठीत द्यायचं आणि शेवटी आईवडिलांचे आभार मानायचे. समोर अख्खी कॉलनी. पहिल्या रांगेत रिटायर झालेले काका, त्यांच्या मागे काकू मंडळी आणि सगळ्यात मागे पोहे-जिलबीच्या वासाने चुळबुळणारी मुलं. हा प्रश्न विचारण्याचा मान गेली कित्येक वर्षं माझ्या बाबांकडे आहे.

बाबा सरकारी ऑफिसात नोकरी करतात, पण त्यांचा जीव सूत्रसंचालनात. मंडळाचा गणेशोत्सव असो, कोजागिरी असो की कुणाची श्रद्धांजली, माइक त्यांच्याच हातात. स्टेजवर त्यांची मराठी साजूक तुपातली होते. जाकीट उतरवून घरी आले की मात्र, "अरे यार, मेरा चश्मा किधर रख दिया तुम लोगों ने, शोधा ना जरा." इंदूर संस्थानच्या कचेरीत कारकुनी करायला आलेलं आमचं घराणं. कितीतरी पिढ्यांपूर्वी ते इथलंच होऊन गेलं, तेव्हा त्यात नवल काही नाही.

माझ्या दहावीच्या सत्काराला माझ्या आधीचा मुलगा इंजिनियर म्हणाला, त्याच्या आधीच्या दोघी डॉक्टर म्हणाल्या. मी कसलाही विचार केलेला नव्हता. माझं त्या क्षणीचं ध्येय स्टेजवरून लवकरात लवकर खाली उतरणं एवढंच होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मला डॉक्टर व्हायचं आहे," म्हणून मोकळी झाले. टाळ्या पडल्या. बाबांनी चष्मा पुसला आणि "माझी मुलगी आहे म्हणून सांगत नाही," अशी सुरुवात करून दोन वाक्यांचा नियम स्वतःच मोडला.

त्या दिवसापासून मी कॉलनीची डॉक्टरीणबाई झाले. भाजीवाला "डॉक्टर दीदी, धनिया लोगे?" म्हणायला लागला. शेजारचे एक काका फाटकाशी गाठून आपला गुडघा कुठे कुठे दुखतो ते सांगायचे आणि मी गंभीर चेहऱ्याने मान हलवायची. खोटं कशाला सांगू, मजा वाटायची. जीवशास्त्र आवडतही होतं. मग अकरावीला मेडिकलच्या एंट्रन्सचा क्लास लागला, पलासियाला, आणि बोललेलं वाक्य आपोआप गाडीसारखं रुळावरून चालू लागलं.

आई तुकोगंजात हाडांच्या एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. क्लास सुटला की मी तिच्याकडे जायचे आणि तिची ड्यूटी संपली की तिच्या स्कूटरवर घरी. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, आणि तिथे प्लास्टरवाल्या, वॉकरवाल्या, कमरेला पट्टे बांधलेल्या लोकांची इतकी गर्दी की अभ्यासाला सोडा, टेकायलाही जागा नसायची. तळमजल्यावर पार्किंगच्या मागे एक मोठी खोली होती. तिथे पंखा जोरात फिरायचा आणि एक स्टूल कायम रिकामं असायचं. मी पंख्यासाठी गेले आणि तिथेच अडकले.

ते कृत्रिम हातपाय आणि अधू पायांसाठी आधार बनवायचं वर्कशॉप होतं. भिंतीवरच्या खुंट्यांना पाय टांगलेले. कोपऱ्यात प्लास्टिकची शीट मऊ करायची भट्टी, मध्ये चालण्याचा सराव करायला दोन समांतर दांड्या आणि समोर आरसा. सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. तिथले सर सांगलीकडचे. रीतसर शिकलेले, काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदूरला आलेले, आणि पेशंट सोडून जगातल्या सगळ्यांवर वैतागलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बसायचं तर बस, पण कशाला हात लावायचा नाही. आणि सारखं प्रश्न विचारायचं नाही." मला ते तिथल्या तिथे आवडले. माझा स्वतःचा स्वभाव तिरसट असल्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसांचा मला आधी संशय येतो.

हात लावायचा नाही हे मी काही दिवस पाळलं. प्रश्न विचारायचे नाहीत हे एकही दिवस नाही.

बारावीत असताना देवासकडून एक मुलगी आली, आईबरोबर. चौथी-पाचवीतली असेल. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, लहानपणीच्या अपघातात गेलेला. तिला आधी बनवून दिलेला पाय आता तोकडा पडत होता आणि त्या बाजूच्या चपलेखाली कुणीतरी टायरचा जाड तुकडा ठोकून दिला होता. ती चालली की खटक, खटक आवाज यायचा आणि खांदा एका बाजूला पडायचा.

"कब से छोटा पड़ रहा है?" सरांनी विचारलं.

"मैं बड़ी हो रही हूँ ना," ती म्हणाली. चूक पायाची आहे, तिची नाही, हे तिला स्पष्ट करायचं होतं.

सर माप घेत असताना ती मला शाळेतली गाऱ्हाणी सांगत बसली. सगळ्यात मोठं गाऱ्हाणं असं की तिला लंगडी खेळायला घेत नाहीत. मला वाईट वाटणार तेवढ्यात ती म्हणाली, "मेरी बारी आती है तो मैं पैर उतार के सबको आउट कर देती हूँ. फिर सब रोते हैं." मी खो खो हसले आणि मग घाबरले, की आपण हे काय हसलो. पण तीही हसत होती. "आ जाओ, खेलके देखो," म्हणाली. आम्ही त्या दांड्यांभोवती लंगडी खेळलो. मी दोन पायांवर पळत होते तरी तिने मला तीनदा पकडलं. मग सर ओरडत आले आणि दोघींना खाली बसवलं.

ती गेल्यावर मी सरांना विचारलं, की ही तोकड्या पायावर इतके महिने का चालत राहिली?

"येत नाहीत," सर म्हणाले. "लांब पडतं. शेतावरची कामं असतात. मोठ्या माणसाचा पाय एकदा नीट बसला की काही वर्षं बघायला नको. पोरांचं तसं नाही ना. पोरं वाढतात. त्यांच्या मागं लागणारं माणूस पाहिजे."

"मग कोण लागतं मागे?"

"कोण नाही."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की माझं डोकं फिरलं. लोकांची ध्येयं म्हणे स्वप्नातून येतात. माझं रागातून आलं. मला त्या मुलीची दया आली नव्हती, ती दया येण्यासारखी मुलगीच नव्हती. पण मूल वाढतं ही काही गुप्त बातमी नाही, आणि तरी तिच्या वाढण्याची कुणीच दखल घेऊ नये, याचा मला संताप आला. त्या संध्याकाळी आईच्या मागे स्कूटरवर बसून मी ठरवलं की हे काम मी करणार. इतकं स्वच्छ काही ठरवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

सरांनी मला परावृत्त करायचा मनापासून प्रयत्न केला. "डॉक्टर हो गप. याला कोण विचारत नाही. लग्नाच्या बाजारात तर नावसुद्धा घेऊ नको." मी ऐकत नाही म्हटल्यावर माहिती दिली. साडेचार वर्षांची डिग्री. मोजक्याच संस्था, त्याही लांबच्या राज्यांत, आणि वेगळी प्रवेश परीक्षा. मी दोन्ही परीक्षा दिल्या. दुसरी परीक्षा फक्त आईला माहीत होती. वर्कशॉपमध्ये पायाचा साचा घ्यायला मी शिकले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा पाय पुढे करून बसायची ती आईच. पण बाबांना सांगायची गोष्ट निघाली की ती म्हणायची, "ते तूच सांग. मी सांगितलं तर सगळं माझ्यावर शेकेल."

निकाल लागले. मेडिकलमध्ये मार्क बरे होते, पण सरकारी कॉलेजला पुरणारे नव्हते. दुसऱ्या परीक्षेत माझा नंबर लागला होता. ती जागा त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्याला मिळणार. मी हे सांगायला तोंड उघडेपर्यंत बाबांनी मला ड्रॉपर बॅचला घातलंसुद्धा. एक वर्ष वाया घालवून तीच परीक्षा पुन्हा देणाऱ्यांना आमच्या इंदुरात ड्रॉपर म्हणतात आणि त्यांची संख्या एवढी आहे की त्यांच्यासाठी वेगळी हॉस्टेलं, वेगळ्या मेस आणि वेगळी सांत्वनाची भाषा आहे.

"बेटा, एक साल की तो बात है," बाबा म्हणाले. "सगळे घेतात ड्रॉप. त्यात काय शरम? खचून जायचं नाही."

"बाबा, मी खचले नाहीये. मला दुसरं काहीतरी करायचंय."

"आत्ता तुला तसंच वाटणार. नंतर बोलू."

तुम्ही ठरवून मोकळे झालेले असता आणि समोरचा तुमची समजूत घालत बसतो, याच्याइतकी संतापजनक गोष्ट जगात नाही. मी रोज बोलायला जायचे आणि रोज 'नंतर बोलू' ऐकून परत यायचे. त्यातच सत्काराचा दिवस आला. बारावीला मार्क चांगले असल्यामुळे यादीत मी होतेच.

"आता येतेय आपल्या सगळ्यांची लाडकी भावी डॉक्टर," बाबांनी माइकवरून सांगितलं. मी वर गेले. नारळ घेतला. त्यांनी माइक माझ्यापुढे धरला आणि तो ठरलेला प्रश्न विचारला. इथे त्यांना 'नंतर बोलू' म्हणता येणार नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

"मला डॉक्टर व्हायचं नाहीये," मी म्हणाले. "ज्या मुलांना पाय नाहीत त्यांच्यासाठी मला पाय बनवायचे आहेत, त्याची जागा मला मिळालीय, आणि मी ड्रॉप घेणार नाही."

आभार मानायचे राहिले. काकूंच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे चपलांचं दुकान का गं?" बाबांनी माइक स्वतःकडे वळवला आणि मग, सूत्रसंचालकाचं कर्तव्य म्हणून, "टाळ्या वाजवूया," म्हणाले. श्रद्धांजलीच्या सभेत 'दोन मिनिटं स्तब्ध राहूया' म्हणतात ना, अगदी त्या आवाजात.

घरी आल्यावर ते चिडतील याची मी तयारी केली होती. चिडलेही. लोकांपुढे हसं केलंस, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस, हे सगळं झालं. पण त्यांचा आवाज खरा फुटला तो वेगळ्याच वाक्याला. "लोकांच्या पायांना हात लावणार तू? माझी मुलगी?"

हे नीट सांगायला हवं. आमच्या घरात मुली कुणाच्या पाया पडत नाहीत. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे पटत नाही. पुण्याच्या एका लग्नात मी ताठ उभी राहून नुसते हात जोडले म्हणून 'इंदूरची मुलगी भारी शिष्ट' असा माझा लौकिक झाला होता. पण माळव्यात मुलगी म्हणजे देवी, आणि ही इथली रीत आमच्या घराण्याने कधीतरी उचलली ती कायमची. मुलीने वाकायचं नाही. चुकून मोठ्यांच्या पायाला तिचा हात लागला तर मोठ्यांनीच तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायचा. नवरात्रात बाबा स्वतः माझे पाय ताम्हणात धुतात, कुंकू लावतात आणि नमस्कार करतात. मला गुदगुल्या होतात, मी पाय मागे ओढते आणि ते पकडून पुढे घेतात. बाकी कुठल्याही देवाचं ते स्वतः काही करत नाहीत. तेवढी एकच पूजा.

म्हणून मला त्यांचं बोलणं जुनाट म्हणून झटकून टाकता येईना. ते खरोखर दुखावले होते. "डॉक्टरही पायाला हात लावतातच की," मी म्हणाले. "डॉक्टर तपासतो," ते म्हणाले, "तू तर रोज लोकांच्या पायाशी बसणार." ते खरं होतं. मी रोज लोकांच्या पायाशीच बसणार होते.

त्या सगळ्यात आई एकच गोष्ट बोलली. "शनिवारी क्लिनिकला या आणि एकदा बघा. न बघता किती बोलायचं?"

बाबा शनिवारी आले. जाकीट घालून, सरकारी पाहणी करायला आल्यासारखे. सोमवारपासून माझी ड्रॉपर बॅच सुरू होणार होती. त्यांनी खुंट्यांवरचे पाय पाहिले, भट्टी पाहिली आणि सरांना विचारलं, "हिला यातलं काही येतं तरी का?"

"येतं की नाही ते बघूनच जावा," सर म्हणाले. "बसा काका. पँट वर घ्या. तुमचाच साचा घेऊ दे तिला."

"नाही नाही. आमच्यात मुली पायाला हात लावत नाहीत."

सरांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "मग ही पाय बनवणार कशी? वास घेऊन?"

भिंतीलगतच्या बाकावर तीन-चार पेशंट नंबरासाठी बसले होते. त्यातला कुबड्या मांडीवर घेतलेला एकजण बाबांना म्हणाला, "अरे भिया, बच्ची है, कर लेने दो. कौन सा काट रही है." बाकीचे हसले. आणि समोर प्रेक्षक असले की माझ्या बाबांना मागे हटता येत नाही. त्यांनी बूट काढला, मोजा काढला, पँटची घडी गुडघ्यापर्यंत नेली आणि नजर छताकडे लावून बसले.

मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले. त्यांचा पाय इतक्या जवळून मी कधीच पाहिला नव्हता. टाच भेगाळलेली, घोट्याभोवती मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ. पायावर सुती जाळीचा मोजा चढवला. शाईच्या पेन्सिलीने घोट्याची हाडं, टाच, बोटांच्या मुळाचे उंचवटे यांवर खुणा केल्या. पहिल्यांदा बोट लागलं तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. मी तो पुढे ओढला. नंतर कापताना कातडीला इजा होऊ नये म्हणून नडगीवरून एक लवचीक पट्टी सोडली, प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवल्या आणि वरपासून खालपर्यंत गुंडाळत आले. मग पाऊल काटकोनात ठेवून तळवा माझ्या हातांनी पेलून धरला.

"आता हलायचं नाही," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"प्लास्टर सुकेपर्यंत."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबा माझ्यासमोर बसले आहेत, त्यांना उठता येत नाही, आणि 'नंतर बोलू' म्हणायची सोय राहिलेली नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. थोडा वेळ छताकडे पाहून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि, सवयीने की मुद्दाम कोण जाणे, अगदी स्टेजवरच्या आवाजात विचारलं, "मग? पुढे काय व्हायचं ठरवलंय?"

मी सगळं सांगितलं. साडेचार वर्षं शिकेन. लगेच इंदूरला परतणार नाही, अर्धवट येणारं काम लहान मुलांवर करून बघायचं नसतं. आधी दोन-तीन वर्षं मुलांचेच हातपाय बनतात अशा ठिकाणी काम करेन, कितीही लांब असो. मग इथे येईन आणि बस स्टँडपासून जवळ, तळमजल्यावर, उंबरठा नसलेली एक खोली घेईन. पाय दिला की काम संपलं असं म्हणणार नाही. दर काही महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची मोजेन. ती आली नाहीत तर मी जाईन, देवासला, धारला, झाबुव्याला. त्यासाठी गाडी चालवायला शिकायचंय आणि तिकडची बोली शिकायचीय, कारण घाबरलेल्या मुलाशी पुस्तकी हिंदीत बोलून भागत नाही. एकटीने राहून पाहायचंय. स्वभाव थोडा मऊ करायचाय, फार नाही. लग्नाचं विचाराल, तर हाताला कायम प्लास्टर लागलेली बायको ज्याला चालेल त्याच्याशी करेन, नाहीतर राहिलं.

बाकावरचे लोक ऐकत होते. त्यांना निम्मंअर्धं मराठी कळत असेल, पण कुबड्यावाला मान डोलावत होता.

"दोन वाक्यांत सांगायचं असतं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "गरम लागतंय गं."

"लागतं. घट्ट होतंय ते."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर सरांच्या हाताखाली काम करेन. पण बाबा, डॉक्टर होणार नाही. दुसऱ्यांदा नापास होईन या भीतीने नाही. पास झाले तरी होणार नाही."

प्लास्टर वाळलं. मी पट्टीवरून सुरी फिरवली, कडा अलगद फाकवल्या आणि साचा बुटासारखा काढून सरांच्या हातात दिला. मला वाटलं, आता सर दोन चांगले शब्द बोलतील. आजवर कधी बोलले नव्हते, पण आज तरी बोलतील.

सरांनी आत बॅटरी मारून पाहिलं. "फेल," ते म्हणाले. "टाचेपाशी बोट दाबलंयस. याच्यावरून आधार बनवला असता तर पेशंटला इथंच जखम झाली असती. बोलण्यात लक्ष होतं तुझं."

माझी कानशिलं तापली. आज कॉलेजच्या हॉस्टेलवर ज्युनियर मुलींना मीच हे शिकवते, की तळहाताने पेला, बोटांनी धरू नका. पण तेव्हा, बाबांसमोर, त्याच दिवशी फेल! डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं आहे हे कुणाला कळणार नाही याचा आणखी राग आला. साचा बिघडला होता, दुसरा घ्यायला हवा होता. मी बाबांकडे न पाहता बादलीतलं पाणी बदलायला उठले.

परत आले तर बाबांनी दुसरा बूट काढलेला होता. दुसरा मोजाही. ते वाकून पँटच्या डाव्या पायाची घडी वर नेत होते.

"त्या पायाला प्लास्टरचे डाग पडलेत," ते म्हणाले. "हा घे. आणि या वेळी बोलू नको."

मी बोलले नाही. या वेळी त्यांनी छताकडेही पाहिलं नाही, माझे हात कुठे फिरताहेत ते पाहत राहिले. साचा निघाला. सरांनी बॅटरी मारली, वरखाली करून पाहिलं आणि "चालेल," म्हणून शेल्फवर ठेवला. त्यांच्या कोशात याच्यापुढचा शब्द नाही.

मी कोमट पाणी आणून बाबांचे दोन्ही पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतलं प्लास्टर काढलं, टॉवेलने पुसले. मोजे चढवून, बूट घालून ते उभे राहिले, आणि बाकावरच्या सगळ्यांदेखत वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. माझ्या चपला पांढऱ्या झाल्या होत्या, बोटांवर प्लास्टर वाळलं होतं. मला गुदगुल्या झाल्या नाहीत आणि मी पाय मागे घेतला नाही. त्यांनी हात कपाळाला लावला. तिथे पांढरा डाग उमटला, तो त्यांना कळला नाही आणि मीही सांगितला नाही.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दाराशी जाऊन ड्रॉपर बॅचच्या ऑफिसला फोन लावला.

"हाँ भिया, नमस्कार. वो सोमवार से बच्ची आने वाली थी ना, राजेंद्र नगर वाली, वो नहीं आएगी." पलीकडचा माणूस समजूत घालत असावा, कारण बाबा बराच वेळ ऐकत राहिले. "नहीं नहीं, मार्क्स की बात नहीं है. डरी-वरी नहीं है. उसको पैर बनाना है." पलीकडे काही कळलं नसावं. बाबांनी एक हात कानावर ठेवला आणि मंडळाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो आवाज लावला. "पैर, भिया, पैर. बच्चों के."